न आलेला झार आणि अंडं न खाणाऱ्या आई : डार्बीशरमधले तीन दिवस

हॉटेलच्या वेबसाइटवर बाथटब खिडकीला लागून होता. खिडकीबाहेर हिरवळ, हिरवळीवर दोन मेंढ्या. आम्हाला मिळालेल्या खोलीत बाथटब होता आणि खिडकीही होती, पण दोघांची गाठभेट नव्हती. खिडकीतून दिसत होता भटारखान्याचा एक्झॉस्ट आणि रिकाम्या बाटल्यांचे क्रेट. मेंढ्या बहुधा ‘मेन हाउस’वाल्यांसाठी राखीव असाव्यात. आम्ही ‘कोच हाउस’मध्ये होतो, म्हणजे पूर्वीच्या तबेल्यात. बुकिंग करताना ‘क्लासिक डबल’ एवढंच लिहिलं होतं. क्लासिक म्हणजे घोड्यांची जागा, हे तिथे गेल्यावर कळलं.

हॉटेलचं नाव देत नाही. तसं बघितलं तर अशी हॉटेलं इंग्लंडभर आहेत आणि तक्रारीही थोड्याफार फरकानं सगळीकडे त्याच. दीड-दोनशे वर्षांपूर्वी कोणा श्रीमंतानं बांधलेलं घर, पुढे पोरांना ते सांभाळणं परवडेना, मग कोणीतरी घेऊन त्याचं हॉटेल केलं. पुढे रेतीचा रस्ता, दारात दोन दगडी कुंड्या, आत शेकोटी, भिंतीवर कोणाचेतरी पूर्वज. दोन रात्री, तीन दिवस. आमची चार माणसं होती : नवरा, मी, लेक आणि रावेरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. मी कॉव्हेंट्रीत एका छोट्या कंपनीचे हिशेब बघते, त्यामुळे बिलाची खालची ओळ आधी वाचायची खोड आहे. हे लिहिलेलं त्याच नजरेनं वाचावं.

दर : एका खोलीला रात्री १८५ पौंड, नाश्त्यासह. शुक्रवारच्या जेवणासकट घेतलं तर २३५. मी जेवणासकट घेतलं. तिथेच चुकलं.

‘डिनर इन्क्लूडेड’ याचा अर्थ जेवण फुकट असा होत नाही. माणशी ३५ पौंडांची मर्यादा असते, आणि मेन्यू असा बसवलेला असतो की स्टार्टर, मेन आणि गोड घेतलं की ती मर्यादा सहज ओलांडावी. नवऱ्यानं स्टेक मागवला, त्याला वर ९ पौंड ‘सप्लिमेंट’. आईंसाठी शाकाहारी म्हणून एकच पदार्थ होता, मशरूम रिसोटो, वर चीज भुरभुरवलेलं. मी वेटरला विचारलं, हे पार्मेजान आहे का? तो अभिमानानं म्हणाला, अगदी अस्सल. अस्सल पार्मेजान शाकाहारी नसतं. त्यात वासराच्या जठरातलं रेनेट असतं, आणि ही गोष्ट इथल्या निम्म्या वेटरांना माहीत नसते. ताटली परत गेली. तिच्याऐवजी आला भाजलेला फ्लॉवर : एक जाड चकती, तिच्यावर तीन डाळिंबाचे दाणे. तीनच, लेकीनं मोजले. आई म्हणाल्या, “बाप्पा! एवढ्याशा फ्लॉवरला एवढं मोठं ताट?” शेवटी बिलात साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप चढलेला होता. हा ऐच्छिक असतो, काढायला सांगितला तर काढावा लागतो. मी निम्मा काढायला सांगितला. नवरा तेवढा वेळ छताकडे बघत होता.

आता आंघोळीचं. जुन्या इंग्लिश घरांत गरम आणि गार पाण्याचे नळ वेगवेगळे असतात, हे इथे राहणाऱ्यांना अंगवळणी पडलंय. डावीकडे चटका, उजवीकडे बर्फ. शॉवर बाथटबच्या वर, आणि टबची भिंत गुडघ्याच्याही वर. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, एक गुडघा बदललेल्या बाईनं त्यात पाय कसा टाकायचा? रिसेप्शनवर बादली मागितली. तिथल्या मुलीनं फार गोड हसून “कशासाठी?” विचारलं आणि फरशी पुसायची मॉप-बादली पाठवून दिली. आईंनी ती बाहेरच ठेवली. मग त्यांचं लक्ष टेबलावर गेलं. तिथे शॅम्पेन थंड करायची स्टीलची बर्फदानी होती, चांगली पाच-सहा लिटरची, दोन कान असलेली. शेजारी दात घासायचा ग्लास. त्यांनी बर्फदानीत दोन्ही नळांचं पाणी मिसळलं, बाथरूमच्या फरशीवर टॉवेल अंथरला, टबच्या काठाला धरून बसल्या आणि त्या ग्लासानं दोन्ही दिवस व्यवस्थित आंघोळ केली. बाहेर येऊन म्हणाल्या, “बादली चांगली आहे हो यांची, जड आहे जरा.” त्या हॉटेलातली सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणून मी तिचं नाव घेईन.

हॉटेलची बाजूही सांगायला हवी. लिफ्ट नाही, खिडक्यांना एकेरी काच, पायऱ्या करकरतात, या गोष्टींबद्दल लोक ऑनलाइन फार शिव्या घालतात. पण ही इमारत ‘लिस्टेड’ आहे, ग्रेड टू. ऐतिहासिक म्हणून सरकारी यादीत नोंद झाली की परवानगीशिवाय खिडकीसुद्धा बदलता येत नाही. त्यामुळे सरकत्या खिडकीच्या फटीतून वारा शिट्टी वाजवत येतो, तो मालकाच्या कंजूषपणाचाच पुरावा असतो असं नाही. ज्याला ते नको त्यानं हायवेवरच्या साखळी हॉटेलात राहावं. तिथे उबदार असतं आणि पार्किंग दारात. मात्र तबेल्यातली खोली मेन हाउसचा फोटो दाखवून विकणं, हे कुठल्या यादीत बसतं ते मला सापडलं नाही. एक करा : बुकिंगनंतर फोन करून “खोली मुख्य घरात आहे का, आणि शनिवारी तुमच्याकडे लग्न आहे का” हे दोनच प्रश्न विचारा. दुसरा प्रश्न का, ते पुढे येतंच.

सकाळच्या नाश्त्याला मी पाचपैकी चार देईन. पॉरिज दाट आणि गरम होतं. आईंनी त्यात साखर घालून, पिशवीतली वेलचीची पूड टाकून त्याची जवळपास खीर केली. मशरूम बेकनच्याच तव्यावर परतलेत का, हे विचारल्यावर वेटर “बघून सांगतो” म्हणून आत गेला. अजून आलेला नाही.

हॅडन हॉल आम्ही शुक्रवारी दुपारीच, हॉटेलला पोचायच्या आधी बघितला. बेकवेलपासून गाडीनं पाच मिनिटं. ज्यांना राजवाड्याचा झगमगाट हवा आहे त्यांनी इथे येऊ नये. हे मध्ययुगीन घर आहे, आणि ते जसंच्या तसं टिकण्याचं कारण गमतीचं आहे : मालकांनीच ते विसरून टाकलं. रटलंडच्या ड्यूक मंडळींचा मुक्काम दुसऱ्या मोठ्या वाड्यात हलला आणि १७०० च्या सुमारास हॅडन रिकामं पडलं ते थेट विसाव्या शतकापर्यंत. दोनशे वर्षं तिथे कोणी राहिलंच नाही, म्हणून कोणी ‘सुधारणा’ही केल्या नाहीत. स्वयंपाकघरातल्या लाकडी ओट्यांवर पिढ्यान् पिढ्या कापाकापी होऊन अक्षरशः खळगे पडलेत. आई तिथे बराच वेळ थांबल्या. हात फिरवायला बंदी आहे, म्हणून हवेतच हात फिरवून म्हणाल्या, “पाट्याला टाकी लावायची वेळ झाली की असंच दिसतं.” वरच्या लाँग गॅलरीतल्या काचा सपाट नाहीत, बारीक बारीक तुकडे वेगवेगळ्या कोनांत बसलेत, त्यामुळे उजेड आत शिरताना थोडा लचकतो. लेकीनं फोटो काढले. एकातही तो उजेड आला नाही.

पण हॅडनमधली माझी लाडकी वस्तू खाली जेवणाच्या दिवाणखान्यात आहे. लाकडी पडद्यावर, मनगटाच्या उंचीला, एक लोखंडी कडी. गोष्ट अशी सांगतात की पंगतीत जो पाहुणा आपल्या वाटणीची दारू संपवणार नाही, त्याचा हात त्या कडीत अडकवायचा आणि उरलेली दारू बाहीतून आत ओतायची. आग्रह करकरून वाढणाऱ्या आमच्या खानदेशातल्या बायका मला त्या दिवशी फार सभ्य वाटल्या. (सूचना : पार्किंगपासून घरापर्यंत चढ आहे आणि आतल्या फरश्या, उंबरे वरखाली आहेत. आईंना दोनदा बसावं लागलं. सोबत वयस्कर माणूस असेल तर घाई करू नका.)

शनिवार चॅट्सवर्थचा. डेव्हनशरच्या ड्यूकचं घर, कॅव्हेंडिश घराणं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे जातात, त्यामुळे छतावरची चित्रं, पुतळ्यांची गॅलरी, जिने यांबद्दल मी लिहीत बसत नाही. भव्य आहे. पाय दुखतात. मला तिथे दोन पाहुणे भेटले, त्यांच्याबद्दल लिहिते.

पहिली पाहुणी निघू न शकलेली. स्कॉटलंडची राणी मेरी इंग्लंडच्या कैदेत असताना तिला सांभाळायची जबाबदारी श्रूजबरीच्या अर्लवर, म्हणजे एका बड्या सरदारावर होती, १५६९ पासून पंधरा वर्षं. त्याची बायको बेस ही चॅट्सवर्थची मालकीण. त्यामुळे राणीला अधूनमधून इथे आणून ठेवत. आताचा वाडा नंतरचा, १६८७ पासून पुढे नव्यानं बांधत गेलेला, तरी वरच्या काही खोल्यांना अजून तिचंच नाव आहे. एका राणीचा, तिच्या लवाजम्याचा खर्च वर्षानुवर्षं उचलायचा आणि लंडनहून पैसे पुरेसे यायचे नाहीत. सर्व्हिस चार्ज काढून टाकायला सांगणारी माझ्यासारखी बाई त्या अर्लचं दुःख समजू शकते.

दुसरा पाहुणा न आलेला. रशियाचा झार निकोलस पहिला १८४४ साली इंग्लंडला येणार म्हणून सहाव्या ड्यूकनं बागेत कारंजं करायचं ठरवलं. जगातलं सर्वांत उंच. काम दिलं जोसेफ पॅक्स्टनला, जो पुढे १८५१ च्या प्रदर्शनासाठी लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेस बांधणार होता आणि तेव्हा इथला मुख्य माळी होता. त्यानं वरच्या माळावर एक तळं खणलं, खाली पाइप आणला. पंप नाही, इंजिन नाही, नुसता पाण्याचा दाब. सहा महिन्यांत काम उरकलं. रात्री मशालींच्या उजेडात मजूर खणत होते. कारंजं ९० मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. झार इंग्लंडला आला. चॅट्सवर्थला फिरकलाच नाही. कारंज्याला नाव मात्र ‘एम्परर’च राहिलं. आम्ही गेलो त्या दिवशी वारा होता म्हणून धार निम्म्यावर ठेवली होती, तरी तुषार आमच्यापर्यंत आले. आईंनी चष्मा पुसला. “पाहुणा न आल्यावर केलेल्या पुरणपोळ्या शेजाऱ्यांना वाटतात तसं झालं हे,” असं त्या म्हणाल्या, आणि तिथे जमलेले आम्ही सगळे शेजारीच होतो.

आणि मग केळी. ती गोष्ट मी मुद्दाम आईंसाठी राखून ठेवली होती. याच पॅक्स्टननं १८३० च्या दशकात इथल्या काचेच्या उबदार घरात केळीचं एक रोप वाढवलं, त्याला घड आणला, आणि त्या जातीला मालकाच्या घराण्याचं नाव पडलं : कॅव्हेंडिश. आज जगात निर्यात होणारं केळं बहुतेक त्याच कुळातलं. रावेर-यावलच्या मळ्यांतली जुनी बसराई त्याच गटातली, आणि आता जिकडेतिकडे लागलेली जी-नाईन, म्हणजे ग्रँड नैन, तीही त्याच गटातली. आईंचं माहेर आणि सासर, दोन्ही केळीवाले. घड उतरवण्यात, पिलं कापण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. मी सांगितल्यावर त्या एकदम गप्प झाल्या. मग त्या मैलोगणती हिरवळीकडे, हरणांकडे, सोन्याच्या मुलाम्याच्या खिडक्यांकडे बघून म्हणाल्या, “म्हणजे नाव यांचं आणि भाव व्यापाऱ्याचा. आमचं काय?” तिथे उभ्या असलेल्या स्वयंसेवक आजोबांना हे भाषांतर करून सांगावं असं फार वाटलं, पण माझ्या इंग्रजीत त्या वाक्याचा ठसका आला नसता.

संध्याकाळी हॉटेलवर परतलो तर पार्किंगमध्ये पांढऱ्या फिती बांधलेल्या तीन गाड्या. लग्न. डायनिंग रूम ‘खासगी समारंभासाठी बंद’, शेकोटीच्या खोलीत वऱ्हाडी, आणि राहणाऱ्या पाहुण्यांसाठी म्हणून कॉरिडॉरमध्ये दोन टेबलं मांडलेली. बुकिंगच्या वेळी कोणी चकार शब्द काढला नव्हता. डीजे बारापर्यंत चालणार, असं त्या गोड मुलीनं तितक्याच गोडपणे सांगितलं आणि कानात घालायचे बोळे दिले. चार जोड. या बाबतीत त्यांची तयारी होती.

म्हणून आम्ही पबमध्ये गेलो. दोन मैलांवरचं गाव, एक चर्च, एक पब. याचंही नाव देत नाही. कारण उलटं आहे. आत सहा-सातच टेबलं आहेत.

पबबद्दल आपल्याकडे दोन गैरसमज असतात. एक, की तो दारूचा गुत्ता आहे. दुसरा, की टेबलावर बसलं की कोणी तरी विचारायला येईल. कोणी येत नाही. टेबलाचा नंबर लक्षात ठेवायचा, स्वतः उठून बारपाशी जायचं, तिथेच मागवायचं, बहुतेक ठिकाणी तिथेच पैसे द्यायचे. बारपाशी रांग दिसत नाही, पण ती असते, प्रत्येकाच्या डोक्यात. तुमच्या आधी कोण आलं होतं हे तुम्हालाही ठाऊक असावं लागतं, आणि बारमागच्या माणसानं चुकून तुम्हाला आधी विचारलं तर “यांचा नंबर आहे” म्हणायचं. ते एक वाक्य म्हटलं की तुम्ही गावचे. स्वयंपाकघराच्या वेळा मात्र आधी विचारून ठेवा. पब अकरापर्यंत उघडा असला तरी जेवण नऊलाच बंद होतं, आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी पोचलात तर शेंगदाण्याच्या पुडीवर रात्र काढायची तयारी हवी.

शेकोटीजवळ एकच चांगली खुर्ची होती, पाठ उंच असलेली, आणि तिच्यात एक म्हातारा लॅब्राडोर झोपला होता. मालकिणीनं आईंकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या काठीकडे पाहिलं, आणि कुत्र्याला नावानं हाक मारून खाली उतरवलं. तो उतरला, पण खुर्चीसमोरच बसला आणि आईंकडे एकटक बघत राहिला. आईंना कुत्र्यांची भीती. त्यांनी पाय वर घेतले. “याची जागा घेतली म्हणून शाप देतोय,” म्हणाल्या. अर्ध्या तासानं त्याचं डोकं त्यांच्या चपलेवर होतं आणि त्या त्याला मराठीत रागावत होत्या.

मी बारपाशी जाऊन आईंचं पथ्य सांगितलं : मांस नाही, मासे नाहीत, अंडंही नाही. हे सांगताना मी नेहमी जरा ओशाळलेली असते. मालकिणीनं कानामागची पेन्सिल काढली आणि ती स्वतःच उलट मला सांगायला लागली. चिप्स नकोत, त्याच तेलात मासे तळतो. ‘पाय’, म्हणजे कणकेच्या आवरणात भाजलेलं सारण, तोही नको, कणकेवर अंड्याचा हात फिरवलेला असतो. वेल्श रॅरबिट, म्हणजे चीजचा टोस्ट, नको, त्यात वूस्टर सॉस आहे आणि त्यात अँचोव्ही मासे असतात. “आणि तुमच्या मिस्टरांना चालत असेल, पण सांगून ठेवते, पिंपातल्या बिअरचा गाळ बसवायला माशाच्या पोटातली पिशवी वापरतात, सगळेच नाही, आम्ही वापरतो.” पाच मिनिटांत तिनं स्वतःचा अर्धा मेन्यू बाद करून टाकला. मग म्हणाली, बटाटा आख्खा भाजते, त्यावर बटर, चेडर शाकाहारी रेनेटचंच आहे, शेजारी लीक आणि मटार. चालेल? ११ पौंड. बटाटा आईंच्या दोन मुठींएवढा होता, साल कडक, आत भुसभुशीत. आईंनी पिशवीतली शेंगदाण्याची चटणी काढली. मालकिणीनं बघितलं, चमचाभर मागून चाखली, आणि पाण्याचा ग्लास भरून घेतला.

नवऱ्यासाठी बिअरबद्दल चार ओळी. हातपंपावरची ‘कास्क एल’ पिंपातच शेवटपर्यंत आंबत राहते, वरून गॅस मारलेला नसतो. ती कोमट असते असं जे म्हणतात ते खरं नाही. तळघराच्या गारव्यात, ११ ते १३ अंशांना ठेवतात, म्हणजे फ्रिजइतकी थंड नाही एवढंच. १९७० च्या आसपास मोठ्या कंपन्यांनी ही बिअर जवळजवळ मोडीतच काढली होती. १९७१ मध्ये ग्राहकांनी संघटना काढून ती वाचवली. पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, आणि आवडेल की नाही कळत नसेल तर घोटभर चाखायला मागता येते, कोणी तोंड वाकडं करत नाही. नवऱ्यानं तीन चाखल्या, एक घेतली. गाडी मी चालवणार होते, मी लाइम-सोडा घेतला. त्याचे पैसे तिनं लावलेच नाहीत. माझी हिशेबी नजर असूनही मी ते निदर्शनाला आणून दिलं नाही.

रविवारी दुपारी पुन्हा तिथेच गेलो, रोस्टला, म्हणजे रविवारच्या भाजलेल्या मांसाच्या जेवणाला. इथेही सापळे आहेत, ते लिहून ठेवते : यॉर्कशर पुडिंगमध्ये अंडं असतंच, ग्रेव्ही मांसाच्या रसाची, भाजलेले बटाटे बऱ्याचदा हंसाच्या चरबीत. शाकाहारी ‘नट रोस्ट’ला बांधायलाही पुष्कळ ठिकाणी अंडं घालतात. तिनं आईंसाठी बटाटे वेगळ्या ट्रेमध्ये तेलात भाजले होते. आदल्या रात्री आम्ही “उद्या येऊ” एवढंच म्हटलं होतं, बुकिंग केलं नव्हतं.

बेकवेलला वाटेत थांबून तिथलं प्रसिद्ध पुडिंग घेतलं. पफ पेस्ट्री, जॅम, वर अंडं-बदामाचा थर. लेकीला आवडलं, मला अती गोड.

परतीच्या वाटेवर, एम-वन हायवे गाठायच्या जरा आधी, हार्डविक हॉल. तिघांत मला हाच जास्त आवडला, आणि त्याचं कारण पुन्हा बेस. तीच, चॅट्सवर्थवाली. चार लग्नं, प्रत्येक नवरा आधीच्यापेक्षा वरचढ, आणि चौथ्याच्या मृत्यूनंतर, साठी उलटल्यावर, हातात पैसा आणि डोक्यावर कोणी नाही अशा अवस्थेत तिनं हे घर बांधायला घेतलं. १५९० ते १५९७. वास्तुविशारद रॉबर्ट स्मिथसन. काच तेव्हा चैनीची वस्तू होती, आणि या घराला भिंतींपेक्षा खिडक्या जास्त. सहा मनोऱ्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेली अक्षरं आहेत, ‘ई’ आणि ‘एस’, एलिझाबेथ श्रूजबरी. मैलभरावरून वाचता येतात. आपल्याकडे कोणी दारावर ‘आईची कृपा’ लिहितं. हिनं सरळ स्वतःचं नाव लिहिलं.

मजले वर चढत जातात तसतशी छतं उंच होतात : तळाला नोकर, मध्ये घरचे, आणि सगळ्यात वर, सगळ्यात उंच छताखाली, मोठ्या पाहुण्यांचा दरबार. भिंतीवर वरच्या बाजूला रंगवलेल्या गिलाव्याची रानातली शिकार, मधोमध डायना देवी. हा सगळा थाट राणी एलिझाबेथला मुजरा म्हणून. राणी इतक्या उत्तरेला कधी आलीच नाही.

म्हणजे दोनशे-अडीचशे वर्षांच्या अंतरानं, एकाच घराण्यात, दोनदा. मी हे आईंना सांगितलं. त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून त्या खालीच बसल्या असतील असं मला वाटलं होतं, पण दगडी जिना रुंद आणि पायऱ्या बुटक्या, त्या हळूहळू वरपर्यंत आल्या होत्या आणि गवताच्या चटईवरून चालताना “आपल्या बोरूच्या चटईसारखीच आहे की” असं म्हणत होत्या.

लाँग गॅलरी सुमारे ५० मीटर लांब. भिंतीभर विणलेले प्रचंड पडदे, बायबलमधल्या गिडियनच्या गोष्टीचे तेरा. ते बेसनं नवे विणून घेतले नाहीत, वापरलेले विकत घेतले, राणीच्या दरबारातला सर क्रिस्टोफर हॅटन मेल्यावर त्याच्या वारसाकडून. पडद्यांवर हॅटनचं कुलचिन्ह होतं. ते बदलायला खर्च येईल म्हणून तिनं किमतीत ५ पौंडांची सूट मिळवली, आणि नंतर त्या चिन्हांवर आपल्या चिन्हाची ठिगळं लावून मोकळी झाली. मी त्या ठिगळासमोर उभी राहिले तेव्हा नवरा म्हणाला, “ही तुझ्या नात्यातली.” हे पडदे स्वच्छ करून दुरुस्त करायला नॅशनल ट्रस्टला, म्हणजे अशी जुनी घरं सांभाळणाऱ्या संस्थेला, चोवीस वर्षं लागली, काम २०२३ मध्ये संपलं. कापडाला उजेड लागू नये म्हणून खोल्या अंधाऱ्या ठेवतात. चष्मा विसरू नका.

हे घर ट्रस्टकडे कसं आलं, तोही हिशेबच आहे. दहाव्या ड्यूकनं वारसाकर चुकवायला इस्टेट मुलाच्या नावावर केली होती. पाच वर्षं जगला असता तर कर लागला नसता. तो नोव्हेंबर १९५० मध्ये गेला, चौदा आठवडे कमी पडले. कर ८० टक्के. चॅट्सवर्थ वाचवण्यासाठी काही मौल्यवान चित्रं-वस्तू आणि आख्खं हार्डविक सरकारला द्यावं लागलं, आणि १९५९ मध्ये ते ट्रस्टकडे आलं. त्यामुळे ट्रस्टचं सभासद-कार्ड असेल तर हार्डविकला तिकीट लागत नाही. चॅट्सवर्थ आणि हॅडनला ते कार्ड चालत नाही, तिथे पूर्ण पैसे मोजावे लागतात. तिन्ही घरं एका सहलीत बसवणार असाल तर हे आधी मांडून घ्या, आणि घर कोणत्या वारी, कोणत्या महिन्यात उघडं असतं तेही. बाग उघडी आणि घर बंद, असं बऱ्याच ठिकाणी असतं.

सोमवारी हॉटेलचा ईमेल आला : तुमचा अनुभव दहापैकी किती? मी सहा दिले. त्यातले दोन बर्फदानीचे.

मग पबला फोन केला. त्यांच्याकडे वर तीन खोल्या आहेत, ९५ पौंड, बाथरूम एकाच खोलीला लागून. मार्चमधले दोन दिवस मागितले. मालकिणीनं पानं उलटल्याचा आवाज आला. “ती अंडं न खाणारी आजी येणार ना?” मी म्हटलं, नाही, त्या नोव्हेंबरमध्येच घरी परत जातात. पलीकडे पेन्सिल थांबली असावी.

“बरं,” ती म्हणाली, “मग खुर्ची कुत्र्याची.”